टोपली बाहेर ठेवून

मखमलाबाद, नाशिक
१४ ऑक्टोबर २००३

प्रिय दीपमाला,

फोनच केला असता, पण तो तुझ्या सासूबाई उचलतात आणि मी काय बोलतोय त्याआधी मी कसा बोलतोय ते ऐकतात. त्यांची चूक नाही. म्हणून हे पत्र. अक्षर वाचता येतंय ना? हात आता कमी थरथरतो.

इकडे बरं आहे. दसऱ्याला झेंडू चांगला निघाला. तुझी आई माझ्याशी पुन्हा दोन शब्द बोलायला लागली आहे, त्यातला एक 'जेवा' असतो. मला न पिता आज एकोणचाळीस दिवस झाले. खरं तर छाती फुगायला हवी, पण लाजच वाटते. पन्नाशी उलटलेल्या बापानं लेकीला असे दिवस मोजून दाखवावेत!

सहादू आठवतो ना? आम्हा दोघांना एकाच रिक्षातून आणून दारात टाकायचे, तो. वर्षभर गुत्त्यावर दिसला नाही, मला वाटलं गेला बिचारा. तर एके दिवशी पंचवटीच्या बाजारात हा इस्त्रीच्या शर्टात माझ्या पुढ्यात उभा. म्हणाला, "पुंजाराम, मेलो नाय मी. मीटिंगला जातो." दारू सोडणाऱ्यांची मीटिंग, दर गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी सातला, तिथल्याच एका शाळेच्या मागच्या वर्गात. त्यानं चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. ती चिठ्ठी मी दोन महिने टोपीत घालून फिरलो.

त्या गल्लीत मला सगळे ओळखतात. तिथल्याच गटाराच्या कडेला त्यांनी मला पडलेला पाहिलाय. तेव्हा लाज वाटली नाही, पण दारू सोडायला जाताना कुणी बघेल याची वाटली. शेवटी शक्कल काढली. हारफुलांची टोपली डोक्यावर घेतली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, माळी हार पोचवायला चाललाय. आत गेलो तर त्याच दिवशी झुंबर नावाच्या माणसाला न पिता वर्ष झालं होतं. तिथे त्याला वाढदिवस म्हणतात. सगळ्यांना वाटलं, हार त्याच्यासाठीच मागवलाय. मीही मुकाट्यानं त्याच्या गळ्यात घातला, टाळ्या झाल्या आणि टोपली उचलून जो निघालो तो थेट घरी. घरी कुठला, गुत्त्यावर. आता तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

पुढच्या खेपेलाही तेच. टोपली घेऊन गेलो, दारातून आत डोकावलो आणि परत फिरलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दाराशी बसलेले धोंडीराम मास्तर हळूच म्हणाले, "भाऊ, आज कुणाचा वाढदिवस नाही. टोपली राहू द्या बाहेर, तुम्ही या आत." त्यांनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

तिथे गोल बसतात. आपलं नाव सांगायचं, मी मद्यपी आहे म्हणायचं, मग पोटात असेल ते बोलायचं. माझ्या पोटात तुझं लग्न होतं.

तुम्ही सगळे आदल्या दिवशीच पिंपळगावला गेलात. तुझ्या हारांसाठी निशिगंधाचा एक वाफा मी वेगळा राखला होता. पहाटे फुलं तोडली, हार स्वतः ओवले, एम-एटी गाडीला पिशवी अडकवली आणि निघालो. ओझरच्या अलीकडे 'एकच घेऊ' म्हणून थांबलो. मुहूर्त टळला. माळ्याच्या लेकीनं पुढाऱ्यांच्या सत्कारासाठी आणलेल्या हारांतला एक हार नवऱ्याच्या गळ्यात घातला. मी चार वाजता पोचलो तेव्हा तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस, अण्णांची गाडी पंक्चर झाली. मी मान डोलावली. पुढे तर निर्लज्जासारखा रंगवून सांगत सुटलो, खिळा कुठल्या चाकात घुसला होता तेसुद्धा. माझ्या पोरीला तिच्या लग्नाच्या मांडवात माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, हे त्या वर्गात तोंडातून बाहेर पडलं आणि मी हमसून हमसून रडलो. कुणी समजूत काढली नाही. झुंबरनं चहाचा कप पुढे केला.

आई सांगत होती, येत्या रविवारी संध्याकाळी तुझं डोहाळजेवण आहे आणि फुलांचे दागिने तू पिंपळगावातच सांगितलेस. शहाणपणाच केलास. तरी विचारतो. मोगऱ्याचे दिवस गेले, पण शेवंती आहे, निशिगंध आहे. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा मी शनिवारी ओवून ओल्या फडक्यात बांधून देईन, आई सकाळच्या एसटीनं घेऊन येईल. मी येणार नाही. तू बोलावलं नाहीस म्हणून रुसून नाही. रविवारी सातला माझी मीटिंग असते आणि ती चुकवण्याइतका माझा माझ्यावर अजून भरवसा नाही. फुलं नको असतील तर आईला तसं सांग, मला वाईट वाटणार नाही. हे खोटं झालं. वाटेल, पण म्हणून मी पिणार नाही. निदान त्या दिवशी तरी नाही. पत्र लिहायला बसलो ते मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी. ओटी भरायला आलेल्या बाया विचारतील, अण्णा का नाही आले? या वेळी पंक्चर सांगू नकोस, पोरी. अण्णा मीटिंगला गेलेत, म्हण. कसली मीटिंग विचारलं, तर तेही सांग.

तुझाच,
अण्णा