बँडमधला डमी

मास्तर, काल ठाण्यात भर दुपारी तुमच्याबद्दल बोलायची वेळ माझ्यावर आली होती. त्यावरूनच लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली, त्यामुळे हे टपालात पडणार नाही हे मला ठाऊक आहे. पाठ धरली आहे, ओठ सुजलेत, आणि या वयात उन्हात उभं राहून वाजवायला कोणी सांगितलं होतं, असं सकाळपासून स्वतःलाच विचारतोय. सांगितलं ते आमच्या बिल्डिंगमधल्या मुलीने, इथे कळव्याला. तिचा बँड आहे. आपल्यासारखा नाही; दोन गिटार, एक ड्रम आणि भरपूर आरडाओरडा. त्यांच्यातल्या कुणाला मुली आवडतात, कुणाला मुलगे, एकजण म्हणतो मी अजून ठरवलेलं नाही, आणि हे सगळं ते गाण्यातच सांगून टाकतात. रविवारी मी खिडक्या लावून ट्रम्पेट वाजवतो तो तिने ऐकला आणि दारात येऊन उभी राहिली. ‘काका, प्राइडची फ्री कॉन्सर्ट आहे, आमच्यासोबत वाजवाल?’ ‘अगं, मला कुठे तुमची गाणी येतात?’ ‘आम्हाला तरी कुठे येतात!’ मग मी तिला सांगितलं की मीही तुमच्यातलाच आहे. साठी आली तरी कुणाला बोललो नव्हतो. ती म्हणाली, ‘ते ठीक आहे हो, पण शनिवारी प्रॅक्टिसला याल ना?’ मी जन्मभर जपलेली गोष्ट, आणि हिला प्रॅक्टिसची पडलेली.

तुमच्याकडे आलो तेव्हा मला एक सूरही काढता येत नव्हता. विठ्ठलवाडीच्या तुमच्या खोलीत भिंतीला लाल कोट ओळीने टांगलेले असायचे. त्यातला एक मला दिलात, एक जुना ट्रम्पेट दिलात आणि म्हणालात, ‘गाल फुगव, बोटं हलव, फुंकू नकोस.’ लग्नवाल्यांना एकवीस माणसं हवी असायची आणि वाजवणारे होते तेरा. उरलेले आम्ही डमी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, कंपनीतली सुट्टी मी अशी न वाजवता घालवायचो. ऑर्डर कुणाची, हे आम्हाला दारात गेल्यावरच कळायचं. डोंबिवलीला सकाळचे दहा वाजलेत, फुलं लावलेली गाडी उभी आहे, आणि जिन्यावरून मुंडावळ्या बांधलेला नवरदेव उतरतो. तो माझा होता, मास्तर. दोन वर्षं आम्ही कंपनी सुटली की दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीकाठी बसत होतो. लग्न पुढच्या वर्षी, गावाला, असं त्याने मला सांगितलेलं. तो मला बघतो, माझ्या कोटाकडे बघतो आणि गाडीत जाऊन बसतो. बँड सुरू होतो. मी गाल फुगवतो, बोटं हलवतो. कार्यालयाची कमान दिसली आणि माझ्याकडून फुंकलं गेलं, होता नव्हता तेवढा जोर लावून. म्हैस रेकावी तसा आवाज निघाला. क्लॅरिनेट अडखळला, ढोल चुकला, नाचणारे थांबले आणि हसायला लागले. ‘डमीनं वाजवायचं नसतं, किती वेळा सांगू रे तुला!’ तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोलीवर आल्यावर तुम्ही बाकीच्यांना चहाला पाठवलंत. ‘नवरदेव कोण तुझा?’ ‘मित्र.’ तुम्ही हँगरवरच्या कोटाची बटणं लावत राहिलात. ‘मित्राच्या लग्नात असा आवाज नाय काढत कोण.’ मी रडलो. तुम्ही समजूत घातली नाहीत, पुढे काही विचारलंही नाहीत. तुमचा स्वतःचा ट्रम्पेट माझ्या हातात दिलात. ‘उद्यापासून संध्याकाळी येत जा. एवढा दम आहे छातीत, तर नीट शिक.’ दोन वर्षं शिकवलंत, ओठांना फोड येईपर्यंत. तुम्हाला सगळं कळलं होतं, याची मला खात्री आहे. त्या काळात मला ओळखून माझ्याशी धड वागलेले तुम्ही एकटेच. मग मला ठाण्यात ऑफिसची नोकरी लागली आणि मी बँड सोडला. नंतर एकदा तलावपाळीवर ऑफिसातल्या लोकांबरोबर चालत होतो, समोरून तुमचा बँड आला. तुम्ही मला बघून मान हलवलीत. मी भेळवाल्याकडे वळलो. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, तेही मला तीन महिन्यांनी कळलं.

काल तिकीट नव्हतं, त्यामुळे भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसंही उभी राहून ऐकत होती. आधीच्या बँडने तर बेंबीच्या देठापासून ओरडत आपापल्या आईवडिलांची खरडपट्टी काढली आणि लोक नाचले. आमच्यात मी दोनदा चुकलो, कुणाला पत्ता लागला नाही. शेवटच्या गाण्याआधी त्या मुलीने माझ्यासमोर माईक धरला. ‘काका, तुमचं सांगा ना.’ मी सांगितलं. मला पुरुष आवडतात, आयुष्यभर आवडत आलेत. आवाज जरासुद्धा कापला नाही. काय टाळ्या पडल्या! मग तिने विचारलं, ‘आणि ट्रम्पेट कुठे शिकलात?’

समोर सगळी चांगल्या घरातली, फाडफाड इंग्रजी बोलणारी पोरं. लग्नाच्या बँडमध्ये, आमच्या मास्तरांकडे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, ‘असंच. घरच्या घरी, माझं मीच.’

टाळ्या त्यालाही पडल्या, मास्तर. मी वाकून घेतल्या.