शालूसाठी मऊ कोर्ट

२ मार्च १९८६
निर्णय झाला. परसात शालूसाठी लाकडी बास्केटबॉल कोर्ट करायचं. साधं नाही, खालून कुशनवालं. इंग्रजी मासिकात फोटो पाहिला. तसल्या कोर्टवर माणूस आपटला तरी गुडघा शाबूत. आमच्या पोरीचा गुडघा कॉलेजच्या सिमेंटवर गेला. ‘गेला’ हा डॉक्टरचा शब्द. डॉक्टर कोवळा आहे. दिवाळीपर्यंत शालू पुन्हा जिल्ह्याच्या टीममध्ये.

३ मार्च
शालूला सांगितलं. काहीतरी पुटपुटली नि आत गेली. आनंदाची बातमी आईला सांगायला गेली असावी.
आमच्या सौ. आनंदीबाईंनी विचारलं, पोरीला सांगितलं की विचारलं? मी म्हटलं, एकच.

११ मार्च
सुतार विश्राम येऊन गेला. जन्म होड्या बांधण्यात गेलेला. सगळं ऐकून म्हणाला, जमिनीवर हाय ना, मग बुडायची भीती नाय.
मासवणहून जुन्या घराच्या फळ्या मिळतील. अख्खं कोर्ट मावत नाही, मधे दोन माड. सौ. माड पाडू देत नाहीत. अर्धंच करू. आपली बास्केट झाली की बस, दुसरी शत्रूची.

२ एप्रिल
कुशनचा प्रश्न सुटला! वाडीत सोललेल्या नारळांच्या सोडणांचा, म्हणजे काथ्याच्या सालांचा, ढीग पडलाय. फळ्यांखाली सोडणं. आयडिया माझीच. परदेशवाल्यांना कशी सुचणार, त्यांच्याकडे माड कुठे?

१९ एप्रिल
शालूला बोईसरच्या कंपनीत टायपिस्टची नोकरी लागली. बसून काम, गुडघ्याला विश्रांती. तात्पुरतं.
नोंद करण्यासारखं: एसटी स्टँड आमच्या ओट्यावरून दिसतो, तरी पोरगी घरून कितीतरी आधी निघते. शिस्त. खेळाडू असाच घडतो.

११ मे
कोर्ट तयार. नारळ फोडला. बॉल टाकला. बॉल बसला. पुन्हा टाकला. पुन्हा बसला. हवा कमी असणार. भरून आणली. बसला. विश्रामने तोंड फिरवलं, पण खांदे हलताना दिसले.
नवीन काम आहे, मोकळं व्हायला वेळ लागतो.
शालू दारातून पाहत होती. ये म्हटलं तर म्हणाली, उशीर होतोय. आज रविवार.

२९ मे
संकल्प: रोज सकाळी कोर्टवर स्वतः उड्या मारून सोडणं दाबायची. आज केलं. कंबर धरली. सोमवारपासून नियमित.
शेजारची साखरबाई विचारत होती, फळ्या रिकाम्याच हायेत तर बोंबील वाळवू का. स्पष्ट नाही म्हटलं. दुपारी वाळत होते.

६ जुलै
पावसाने घात केला. वर माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप होते, पाणी बाजूने शिरलं. सोडणं फुगली, फळ्या उचकटल्या. मे महिन्यात बॉल उठत नव्हता, आता कोर्टच उठलंय.
आयुष्यभर माडांच्या आळ्यात सोडणं घालतोय, ओल धरावी म्हणून. हे कुणी आठवण का करून दिली नाही? विश्रामची चूक. दसऱ्याला नव्याने करू.

७ जुलै
शालू आज प्रथमच कोर्टवर आली. काठावर बसली, पाय लांब करून. मी दसऱ्याचा बेत सांगू लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, मला खेळायचं नाय. मार्चमध्येच सांगितलं तुमाला. आता नीट चालता आलं तरी पुरे हाय.
मी म्हटलं, बरं.
दिवसभर वाडीत काही काम सुचलं नाही.

८ जुलै
सकाळी ओट्यावर खांबाआड बसलो. शालू छत्री घेऊन निघाली. विहिरीपाशी थांबली, कठड्याला हात टेकला. पुढे गेली. साखरबाईच्या कुंपणाशी पुन्हा थांबली. तिथून स्टँड हाकेच्या अंतरावर. ती पोचली तेव्हा एसटी सुटायला आली होती.
म्हणून लवकर निघते. शिस्त म्हणे! फार वाईट वाटलं.
संध्याकाळी तिला विचारलं, उद्यापासून स्टँडपर्यंत सोबत येऊ का? विचारलं, सांगितलं नाही.
नको म्हणाली. म्हणाली, तुमी बगत असलात की मी भरभर चालायला जाते, बाबा. मग गुडघा दिवसभर दुखतो.