हजार अंशांवरचा काळा तुकडा

२ फेब्रुवारी, सकाळी ७
पीएचडीची शेवटची मुदत ३१ मार्च. एक्सटेन्शन तीन झाली, चौथं मिळत नाही. हुकली तर सहा वर्षं पाण्यात, आणि कॉलेजातले तासिकेवरचे तासही. पण घाबरायचं कारण नाही. हवाय फक्त एक तुकडा. सिलिकॉनचं पॉलिमर नायट्रोजनमध्ये हजार अंशांवर भाजायचं, की सिरॅमिक. काळं, कडक, न तडकलेलं. एका तुकड्याला सत्तावन्न दिवस! उरतील.

९ फेब्रुवारी
परभणीहून भागवत सरांचा, म्हणजे माझ्या गाईडचा फोन. आधी माल दोनशे अंशांवर दोन दिवस ठेव म्हणाले. साखळ्या एकमेकींशी बांधल्या गेल्या पाहिजेत. मोकळं राहिलेलं वायू होऊन उडून जातं, माल आकसतो, तडकतो. मला माहीत आहे, माझ्याच दुसऱ्या प्रकरणात आहे. पण जिंतूरमध्ये सलग दोन दिवस लाईट कोण देणार? चार तास बास.

११ फेब्रुवारी
तडकला. तीन तुकडे. तीन सॅम्पल धरता येतील.

१९ फेब्रुवारी
पुन्हा तडकला. आता मोजत नाही. संघप्रियानं विचारलं की सर सांगतात तसं एकदा करून बघितलं का. ती माझी बायको, झेडपीच्या शाळेत चौथीला शिकवते, तिला रिसर्चमधली तातडी कशी कळणार? जेवलो नाही. (नंतर जेवलो.)

२० फेब्रुवारी
नायट्रोजनचं सिलिंडर संपलं. सप्लायर म्हणतो वीस दिवस लागतील. मग एकदम सुचलं: रंगनाथ! शाळेतला दोस्त. चारठाण्याकडच्या गावांत गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करत फिरतो. त्याच्या मोटरसायकलवरच्या डब्यात काय असतं? द्रवरूप नायट्रोजन! त्यात वळू-रेड्यांच्या रेताच्या कांड्या गार ठेवतात. अख्ख्या युनिव्हर्सिटीत हे कुणाला सुचलं नसतं.

२१ फेब्रुवारी
डबा मिळाला. रंगनाथ म्हणाला, ने, पर कांड्या बुडालेल्याच ऱ्हाऊ दे लेका. उघड्या पडल्या की मेल्या, मग गावात मला कुणी उभं करणार न्हाई. मी शब्द दिला.

२२ फेब्रुवारी, रविवार
कॉलेजात कुणी नाही. थर्मासमध्ये थोडा नायट्रोजन ओतला, नळी भट्टीत सोडली. तिच्या दाराची फट कणकेनं बुजवली. दोनशे अंशांवर दोन दिवस ठेवणं आज शक्य नव्हतं. दोन तास ठेवला.
चारशेला कणीक जळाली. आणखी थोडा ओतला. सातशेला आणखी थोडा. आठशेला डबा कोरडा. उरलेले दोनशे अंश हवेतच. दोनशेनं काय बिघडतं?
कांड्या हाताला गारच लागल्या.

२३ फेब्रुवारी
तुकडा अखंड! फक्त पांढरा निघाला. काळा हवा होता हे खरं, पण पांढरा जास्त शुद्ध दिसतो. रंगनाथला डबा दिला. तो घाईत होता, उघडून न बघता तसाच भरून आणायला गेला. मी सांगणारच होतो.

१६ मार्च
रंगनाथचा फोन. नऊ म्हशी गाभण न राहता परत माजावर आल्या. तो म्हणाला, लोक माझ्याच हाताला दोष द्यायलेत, दोन गावांनी बोलवायचं बंद केलं. मी म्हणालो, उन्हाळ्यात होतं असं. फोन ठेवला. संकल्प: प्रबंध सादर झाला की त्याच दिवशी त्याला सांगायचं.

३० मार्च
परभणी. भागवत सरांनी तुकडा चिमटीत धरला. चुरा झाला. त्यांनी तो कागदावर गोळा केला. आवाज चढवला नाही, तेच सहन झालं नाही. म्हणाले, हवा शिरली, कार्बन जळून गेला, सिलिकॉनशी त्याचे बंध तुटले. राहिली ती वाळू. पूर्णेच्या पात्रात फुकट असते ती. सही करता येणार नाही म्हणाले.
एसटीत पुडी मुठीत होती. रडलो. शेजारचा सरकून बसला.

३१ मार्च
मुदत संपली. संघप्रियाला डब्याचंही सांगितलं. ती म्हणाली, मुदतीचं जाऊ द्या, रंगनाथभाऊंना आज तरी सांगा.
सांगितलं. त्यानं मोटरसायकल चालू केली. म्हणाला, बस माघं. नर्मदाबाईची म्हैस आज सकाळी उलटली, परत माजावर आली, तिथं तूच सांग.
नर्मदाबाईंना सगळं सांगितलं: पॉलिमर, साखळ्या, दोन दिवस, दोन तास, कणीक, डबा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. एकच विचारलं, दोन दिस दम धरायला तुला काय झालतं बाबा?
मी लाईटचं सांगायला लागलो. गोठ्यात बल्ब चालू होता.
रंगनाथनं नवी कांडी भरली. शेपूट मी धरलं. आता एकवीस दिवस वाट बघायची, म्हणाला, मधे कायबी करायचं न्हाई.
वहीत लिहून घेतलं.