मित्राची वीस पावलं

सनीव्हेल, रविवार

प्रिय बाबा, सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. काल जंगलातल्या पायवाटेवर साडेअकरा किलोमीटरची शर्यत पळले. गुडघा थोडा खरचटलाय, काळजी नको. आई बीपीची गोळी वेळेवर घेते ना?

इथे वयस्करांना आधी सोडतात, तरुणांना मागून. जो आधी पोचेल तो जिंकतो. शेजारच्या अपर्णाकाकू चौसष्ट वर्षांच्या आहेत. त्या माझ्याआधी अठरा मिनिटं निघाल्या आणि सगळ्यांच्या आधी पोचल्या. बक्षीस घेऊन मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझं एक मिनिट कापतील गं मेले!" जिंकणाऱ्याची सवलत इथे कमी करतात.

मित्रा धाकटी, म्हणून तुम्ही शाळेच्या मैदानावर तिला माझ्यापुढे वीस पावलं उभं करायचात. ती जिंकायची. पुढच्या रविवारी पुन्हा वीसच. मी मोजायचे.

आधी तिचं बाळंतपण, मग तिचं नवं घर, म्हणून तुमचं इथे येणं दोनदा राहिलं. आता तिच्या मुलाची शाळा सुरू व्हायचीय, असं आई म्हणाली. शाळा जूनमध्ये उघडते. मी तुम्हा दोघांची मार्चची तिकिटं पाहून ठेवलीत.

बाबा, या वेळी तिचं एक पाऊल कापा.

तुमची थोरली,
विशाखा