कडेला दिसलेल्या बरगड्या

३ नोव्हेंबर

खांद्याचा एक्स-रे मागितलाय आणि खांदा ठणठणीत! पण फिल्मच्या कडेला बरगड्या — तीन मोडलेल्या. एक कधीची भरून गेलेली, एकीवर हाड जुळतानाची गाठ अजून, तिसरी तर महिन्याभराचीसुद्धा नाही. चिठ्ठीवर लिहिलंय, 'बाथरूममध्ये पाय घसरला.' तीनदा? दर वेळी त्याच कुशीवर? कुणाला मूर्ख बनवताय!

बाई एकतीस वर्षांची. टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, तिला विचारलं की उत्तर नवराच द्यायचा."

मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. "तुला खांदा विचारलाय ना? मग नसती उठाठेव कशाला?" असलं काही दिसलं की आमच्याकडे शेवटच्या ओळीत 'सहज आढळलेले' म्हणून टाकायचं आणि हात झटकायचे. मी नाही झटकले. स्वच्छ लिहिलं — तीन वेगवेगळ्या वेळच्या इजा, मारहाणीची शक्यता. सही ठोकली. स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू!

५ नोव्हेंबर



नवरा आला, रिपोर्ट नाचवत. काउंटरवरच्या मावशींच्या काचेवर बुक्की मारली, काच फुटली. "कोण आहे ती डॉक्टरीण? माझ्या घरात नाक खुपसते!" चोराच्या उलट्या बोंबा! मी बाहेर आले तर गळा धरून भिंतीवर आपटलं. टेक्निशियननं मागून कवळ घालून ओढला, तर त्याचाच ओठ फोडून नवरा पळाला. माझ्या हातात त्या वेळी काही असतं तर मी त्याच्या डोक्यात घातलं असतं. खरंच घातलं असतं.

मावशी रडत होत्या. "पावती दाखवली, रिपोर्टचं पाकीट दिलं. नेहमीसारखंच." त्यांचा काय दोष? पावती आणेल त्याला पाकीट, हा आमचा नियम. आणि मी तरी कुठं विचारलं, हे कुणाच्या हातात पडणार?

पोलिसांना पत्ता दिला. "बघतो" म्हणाले.

६ नोव्हेंबर

पोलिसांना चार फोन केले. "घराला कुलूप आहे, बाई."

७ नोव्हेंबर

आली. स्ट्रेचरवर. शेजाऱ्यांनी दार फोडून आणलं. या वेळी चिठ्ठीत सगळंच मागितलंय — डोकं, जबडा, छाती, दोन्ही हात. जबडा दोन ठिकाणी. उजवं मनगट. बरगड्या आणखी चार.

मोठे डॉक्टर मागे येऊन उभे राहिले.

नवरा कोठडीत आहे. ती जगेल म्हणतात.

११ नोव्हेंबर

वॉर्डात गेले. जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. मी म्हटलं, "खांद्याचा एक्स-रे काढला म्हणून नशिबानं दिसलं तरी." तिनं नाही म्हणून मान हलवली, खुणेनं कागद मागितला. डाव्या हातानं, वाकडंतिकडं लिहिलं:

'खांदा कधी दुखलाच नाही. बरगड्या म्हटलं असतं तर त्यानं आणलंच नसतं. तुम्हाला दिसतील हे ठाऊक होतं. कागद त्याला का दिलात?'