राखेनं पुसलेला बाण

प्रिय रॉयस,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. तुझा निरोप मिळाला. शनिवारी आपल्या धनुष्यवाल्या मंडळाचं जेवण, भिंतीवर तू मारलेल्या एल्क हरणाची शिंगं, आणि यंदाच्या शिकारीची हकीकत मी सांगायची, कारण काय, तर "डीना, तुझ्यासारखं रंगवून कुणाला सांगता येत नाही." अध्यक्ष हर्शेलनं माझं नाव पत्रिकेत छापूनही टाकलंय, मिरचीच्या रश्श्याच्या खाली आणि सफरचंदाच्या पायच्या वर. सांगते की. फक्त कुठल्या एल्कची सांगू तेवढं कळव. भिंतीवरच्या, की आपण लॉस्ट म्यूलच्या घळीत सडायला टाकलेल्या?

तुला आठवत नसेल, तुझी स्मरणशक्ती हल्ली फोटोपुरतीच चालते, म्हणून आठवण करून देते. सप्टेंबरचा दुसरा आठवडा. तीन वर्षांपूर्वी वणव्यात जळालेला तो उतार, सरळ उभा. एक पाऊल वर टाकावं तर राखेतून दोन खाली. तुझ्या मागे सत्तर पावलांवर, पडलेल्या ओंडक्यांत बसून मी मादीचा आवाज काढत होते. बावन्नाव्या वर्षी, सुजलेल्या गुडघ्यांनी, तोंडात रबरी पट्टी धरून माजावर आलेल्या मादीसारखं केकाटायचं, ते कुणासाठी? तर तुझ्यासाठी. आणि तो आला. डाव्या शिंगाचं एक टोक तुटलेला तो दांडगा नर जळक्या खोडांमधून तुझ्या खालून चालत गेला. तू उतारावरून खाली बाण मारलास, आणि अंतर धरलंस सपाटीवर मारल्यासारखं. हे आठ वर्षांच्या पोरालाही शिकवतात, रॉयस. दर उन्हाळ्यात मंडळाच्या वर्गात तूच शिकवतोस.

चूक होते. मी त्याबद्दल एक अक्षर बोलले नसते. बाण आरपार गेला होता. मी गुडघे सरळ करून खाली पोचेपर्यंत तू तो शोधून आणला होतास आणि माझ्या हातात दिलास, राखेनं लख्ख पुसलेला. "फुप्फुसात बसलाय. अर्धा तास थांबू आणि निघू." मी विचारलं, पुसलास कशाला? तर म्हणे, "हाताला चिकटत होता गं." चाळीस वर्षं बाणावरचं रक्त वाचणारा माणूस! पोटात लागला तर सहा-सात तास जागचं हलायचं नाही, जनावराला आडवं पडून शांत मरू द्यायचं, हे आपल्या डॅडनी तुला दाढी फुटायच्या आधी शिकवलं होतं. दुपारी वारा सुटणार होता, जळकी खोडं कोसळतात, हे मलाही ठाऊक होतं. वर कड्यावरच्या गवतात जाऊन बसलो असतो, संध्याकाळी उतरलो असतो. पण संध्याकाळी टीव्हीवर तुझा फुटबॉलचा सामना होता ना. घरी शॉनाला सांगून आला होतास, शेवया-चीज करून ठेव म्हणून.

दोनशे पावलंसुद्धा नाही गेलो. तो ओंडक्यामागे बसला होता. रॉयस, तो बसला होता. आपण गेलो नसतो तर तिथेच मेला असता. आपल्याला बघून उठला, पाठीची कमान करून, आणि घळीत उतरला. त्यानंतर रक्ताचा एक थेंब नाही. तू तासभर इकडेतिकडे बघितलंस, पहिलं खोड कडाडून पडलं आणि म्हणालास, "चिवट असतात गं हे. बरा होईल तो."

मी चार दिवस फिरले. एकटी. चौथ्या दिवशी डोमकावळ्यांनी जागा दाखवली. मागची बाजू अस्वलानं खाल्ली होती, पण डाव्या शिंगाचं तुटलेलं टोक तेच आणि चामड्यातलं भोकही जाग्यावर होतं, शेवटच्या बरगडीच्या चार बोटं मागे. दोन कुटुंबांचं हिवाळ्याचं मांस. माश्यासुद्धा कंटाळून निघाल्या होत्या. घरी येऊन फोन केला, तर तू म्हणालास, "अरेरे," आणि त्याच दमात, "ऐक ना, मी काल दुसरा पाडला!"

जखमी करून हरवलास तर टॅगवर, वर्षाच्या एका जनावराच्या त्या परवान्यावर, मारल्याची खाच पाड आणि घरी जा. हे सरकारच्या कायद्यात नाही, डॅडच्या तंबूत होतं. ज्या वर्षी त्यांच्या हातून तसं झालं, त्या वर्षी त्यांनी दुसऱ्याच दिवशी तंबू उतरवला आणि आपण हिवाळाभर घेवडे खाल्ले. तू तेव्हा कुरकुर केली होतीस. आता कळतंय की तू अजून तीच कुरकुर करतोयस, फक्त दाढी पांढरी झालीय.

तर शनिवारचं. एवढं वाचून तू म्हणशील, डीनाला सगळ्यांसमोर माझं नाक कापायचंय. कापायचं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं? पत्र लिहिलंय कारण एक गोष्ट तुला माहीत नाही. तू बाण हातात दिलास तेव्हा मी तो नाकाशी नेला होता. राखेनं रंग जातो, वास जात नाही. बाणाच्या शेपटाच्या पिसांना फाटलेल्या आतड्याचा वास येत होता, आणि अकराव्या वर्षापासून डोंगरात फिरणाऱ्या बाईला तो कळला नाही असं होत नाही. मला कळलं होतं. पण गुडघे ठणकत होते, कड्यावर चढून पुन्हा उतरायचा जीव नव्हता, आणि तू दिवसभर तोंड फुगवून बसशील याचा मला कंटाळा आला होता. म्हणून मी म्हटलं, चल. माझ्या टॅगवर मी घळीतून आले त्याच दिवशी खाच पाडली. मंडळात कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शनिवारी उठेन तेव्हा आधी हे सांगेन: बाण मी हुंगला आणि गप्प बसले. तेवढं सांगून मी पाणी प्यायला थांबेन. मी पेला खाली ठेवायच्या आत तू उभा राहिलास, तर पुढची हकीकत तुझी. नाही राहिलास, तर तीही मीच सांगेन, आणि पुढच्या सप्टेंबरात तुझ्यासाठी केकाटायला दुसरं कुणी शोध.

तुझीच,
डीना