डुकराच्या चरबीचा साबण

१९ ऑक्टोबर

आज पुन्हा आग. लघवीला बसले की डोळ्यांत पाणी येतं. मिरच्या भाजून झाल्या, बरण्या भरून झाल्या, सगळं संपलं पण ही जळजळ संपत नाही. ल्युबोद्राग ऑगस्टमध्ये व्हिएन्नाहून आला, महिनाभर राहून गेला, तेव्हापासून हे चाललंय. आता सांगायला ज्योतिषी नको. नवरा वर्षभर परक्या देशात विटा रचतो आणि सुट्टीत येताना बायकोसाठी भेट आणतो. ही भेट त्याची त्याला परत करीन!

२० ऑक्टोबर

ग्रोज्दाना कुंपणापाशी आली होती. शेजारीण असली तरी पोटात ठेवते, म्हणून सांगितलं. म्हणाली, "माझ्या मावसबहिणीचंही हेच झालं. तिचा म्युनिकला होता. तिकडे बाई ठेवली होती मेल्यानं." मग हळूच, "तू साबण लावून नीट धूत जा गं. दिवसातून दोनदा."

धुते. तीनदा धुते. घासून घासून साल निघायची वेळ आली.

२३ ऑक्टोबर

सासूला कळलं. न्हाणीत एवढा वेळ काय करते म्हणून दाराशीच उभी होती. ऐकलं आणि ओठ आवळले. "माझ्या मुलाकडून असलं काही येणार नाही. तू कुठून आणलंस ते तुझं तू बघ."

मी! दिवसभर हिच्या कोंबड्या आणि हिची डुकरं बघणारी मी!

वर औषध दिलं. आलुबुखाराची राकिया, घरी गाळलेली कडक दारू. "कापूस बुडवून लाव, सूनबाई. यानं सगळं मरतं." ताप आला तरी राकिया, गुडघा दुखला तरी राकिया, मग इथे तरी का नको? लावली. भिंतीला धरून उभी राहिले आणि मायलेकांना मनसोक्त शिव्या दिल्या.

२४ ऑक्टोबर

बेत ठरला. १६ नोव्हेंबरला आमच्या घरच्या संताचा सण. ल्युबोद्राग येणारच. या दिवशी आमंत्रण कुणाला लागत नाही, दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत, आणि घरधन्याने दिवसभर उभंच राहायचं असतं. तो मेणबत्तीशेजारी उभा असेल, पाद्रीबाबा सणाचा पाव कापत असतील, घर भरलेलं असेल. तेव्हा मी विचारीन — ल्युबोद्राग, बायकोसाठी काय आणलंस ते सांग की सगळ्यांना.

सासूचं तोंड बघायचंय मला. त्यासाठी तोवर ही आगही सोसीन.

२८ ऑक्टोबर

पण हातात पुरावा हवा. बसने शहरात गेले. डॉक्टर वुकिचाबाई म्हाताऱ्या आहेत, लाजायला वेळ देत नाहीत. अंगावरून जातं का? नाही. वास? नाही. फोड, जखम, ओटीपोटात दुखणं? नाही. नमुने घेतले, रक्त घेतलं.

मी म्हटलं, "रोगाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्या."

त्या म्हणाल्या, "आधी रोग सापडू दे, बाई."

३ नोव्हेंबर

काही सापडलं नाही. एकही रोग नाही! मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर आनंदाचं नव्हतं. बेत गेला ना हातातून.

वुकिचाबाई म्हणाल्या, "आग होते म्हणजे गुप्तरोगच असं नसतं. आणि गुप्तरोग असून काही त्रास नाही, असंही असतं. म्हणून तर तपासायचं. तुझी नुसती कातडी चिडली आहे. कशानं धुतेस?"

"घरच्या साबणानं. चांगला असतो, दुकानातल्यासारखा नाही."

"ऑगस्टमध्ये काय बदललं?"

नवरा आला, म्हटलं. आणखी काय बदललं, त्यांनी पुन्हा विचारलं. मग आठवलं. मुलगा येणार म्हणून सासूनं माळ्यावरून नवा साबण काढला होता. मागच्या हिवाळ्यात डुक्कर कापलं तेव्हाच्या चरबीचा. कपडेही त्यानेच, अंगही त्यानेच.

"बंद कर. राकियाही बंद. नुसतं कोमट पाणी आणि हे मलम."

घरी येऊन साबणाला जीभ लावली. असा चावला की दूध पिऊन बसले.

४ नोव्हेंबर

सासूला गाठलं. साबण झाला की जिभेला लावून बघायचा, चावला तर वापरायचा नाही, हे इथल्या शेंबड्या पोरीलाही माहीत. "आई, यंदा चाखला नव्हता?"

"नवी कवळी होती तेव्हा. तोंड सोललं होतं." मग, "कॉस्टिक सोडा जरा सढळ हातानं पडला असेल."

आणि तिची न्हाणी बघितली. तिथे ल्युबोद्रागने आणलेला गुलाबाच्या वासाचा साबण! सगळी आग माझ्या वाट्याला.

एवढे दिवस मी नवऱ्याला मनात सोलत होते, आणि गुन्हेगार चुलीपाशी बसून सूप ढवळत होती. उरलेल्या वड्या उकिरड्यावर टाकल्या. एक ठेवली. सणाला पाहुण्यांच्या हात धुवायच्या जागी ठेवणार, तिचं नाव सांगून.

११ नोव्हेंबर

आग गेली. शांत झोपले.

१५ नोव्हेंबर

ल्युबोद्राग आला. वाळलाय. त्याला बघून मला माझीच लाज वाटली. काय काय ठरवलं होतं याच्यासाठी! त्याच्या आवडीचे कोबीत गुंडाळलेले खिम्याचे रोल रचले, त्याचा सदरा इस्त्री केला. वडीही पाहुण्यांसाठी ठेवली नाही. सणाच्या दिवशी सासूवर तरी कशाला सूड.

१६ नोव्हेंबर

दिवसभर तो उभा होता, मी त्याच्या मागे. पाव कापला गेला. मी काही विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर

रात्री तो स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपला. सकाळी विचारलं तर खाली बघत म्हणाला, "तिकडे तपासणी झाली. रिपोर्टमध्ये निघालं. इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, बरं होईपर्यंत बायकोजवळ जायचं नाही." मग, "सप्टेंबरात, एकदाच झालं गं. मला काही त्रासही नाही."

त्याला काही त्रास नाही.

१८ नोव्हेंबर

ती एक वडी आहे अजून. आज त्याच्या सगळ्या चड्ड्या मी स्वतः धुतल्या. भरपूर साबण लावला. चांगल्या पाण्यातून खळबळून काढायच्या तेवढ्या राहिल्या, तशाच वाळत घातल्या.